शिवेवरचं गवत

फार पूर्वी एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. माथ्यावर दोघांच्या सामाईकीची दाट राई, राईच्या मुळाशी एक झरा, आणि दोन्ही गावं त्याच झऱ्याचं पाणी पीत.

उगवतीकडच्या गावाचा पाटील मोठा टापटिपीचा. उन्हाळा लागला की वणव्याची भीती, म्हणून दरवर्षी तो सगळं गाव कामाला लावी. आपल्या जंगलाच्या कडेनं गवत कापायचं, पाचोळा झाडायचा, जमीन उघडी करायची. या उघड्या पट्ट्याला जाळरेषा म्हणत. आग तिथवर येई आणि खायला काही न मिळाल्यानं विझे. पाटलाची जाळरेषा इतकी स्वच्छ, की तिच्यावर पंगत बसवावी. मावळतीकडचा पाटीलही काही कमी नव्हता.

दोन्ही रेषांच्या मध्ये मात्र बैलगाडी जाईल एवढी शिवेची पट्टी होती. कधीकाळी तिथल्या भाराभर गवतावरून डोकी फुटली होती. तेव्हा जाणत्यांनी शिवेवरच्या म्हसोबापुढं शपथ घेतली, की या पट्टीत कुणीच विळा लावायचा नाही. भांडण मिटलं. गवत मात्र वाढत राहिलं.

एका उन्हाळ्यात वणवा आला. दोन्ही गावांची जंगलं वाचली, पण माथ्यावरची अर्धी राई जळाली. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली.

उगवतीचा पाटील चक्रावला. एवढं झाडूनपुसून ठेवलं, तरी आग वर चढली कशी? तो तडक मावळतीच्या पाटलाकडं गेला.

"राम राम, पाटील. तुमची रेषा कुठंतरी कच्ची राहिली."

"माझी? अवो, हेच विचारायला मी तुमच्याकडं निघालो होतो."

दोघं डोंगरावर गेले. उगवतीची रेषा पाहिली, साफ. मावळतीची पाहिली, तीही साफ.

"मग आग काय आभाळातनं पडली?" उगवतीचा पाटील म्हणाला आणि आपल्या रेषेकडं परत निघाला. वाटेत त्याचा पाय घोट्यापर्यंत राखेत रुतला.

"ही राख कुणाची?"

"कुणाचीच न्हाई. शिवेची हाय ती."

पाटील राखेच्या मागानं चढत गेला. राख त्याला थेट राईत घेऊन गेली.

कारण कळलं, पण गुंता सुटण्याऐवजी वाढलाच. पावसाळा सरला, पट्टीत पुन्हा गवत माजलं. शपथ मोडावी तर म्हसोबाचा कोप आणि पुन्हा डोकी फुटायची. पाळावी तर उरलेली राई जायची, झरा आटायचा. गावात विचारलं तर कुणी म्हणे, देवाच्या शब्दाला हात लावू नका. कुणी म्हणे, आधी मावळतीकडच्यांना मोडू द्या. बिचाऱ्याला घास गोड लागेना.

शेवटी पाटलीणबाई म्हणाल्या, "म्हसोबाला रोज तांब्याभर पाणी घालता, ते कुठनं आणता?"

पाटलाला झऱ्याची करंगळीएवढी धार आठवली. सकाळी त्यानं म्हसोबापुढं नारळ फोडला, माफी मागितली आणि शिवेच्या गवताला विळा लावला. पहिला भारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो मावळतीच्या पाटलाच्या गोठ्यापुढं उभा राहिला.

"गवत तुमचं," तो म्हणाला. "घाम तेवढा माझा."

मावळतीचा पाटील कधी भाऱ्याकडं बघे, कधी त्याच्याकडं. भांडावं की बसायला सांगावं, त्याला कळेना. मग तो घरात गेला आणि विळा घेऊन बाहेर आला.

"चला. दुसरा भारा तुमच्या गोठ्यात."

त्यांच्या मागोमाग दोन्ही गावं शिवेवर आली.

पुढच्या उन्हाळ्यात वणवा पुन्हा आला. उघड्या पट्टीशी घुटमळला आणि विझला. दोघे पाटील धावतपळत पोचले.

"कुणाच्या हद्दीत विझला, ओ?" मावळतीच्या पाटलानं विचारलं.

उगवतीचा पाटील इकडं गेला, तिकडं गेला. गवत होतं तोवर शीव दिसत होती. आता सगळीच जमीन सारखी दिसत होती. त्यानं डोकं खाजवलं.

"काय कळंना बघा."

"मलाबी."

आयुष्यात पहिल्यांदा पाटलाला गोंधळून बरं वाटलं. दोघं झऱ्यावर गेले आणि त्यांनी म्हसोबासाठी एकच तांब्या भरून घेतला.

तात्पर्य: आपापलं अंगण सगळेच झाडतात, पण आग वाट काढते ती कुणाचीच नसलेल्या जागेतून. ती जागा सगळ्यांनी मिळून राखावी.