माळढोकाची माळ

एका राज्यात गवत अमाप होतं. राजाला मात्र ते दिसत नसे. त्याला दिसे ते नुसतं ओसाड रान. राजा हेमांगद मनाचा चांगला, कुणाला काही कमी पडलेलं त्याला पाहवत नसे. म्हणून त्याने कालिंदी जादूगारणीला बोलावलं.

"या उघड्या माळावर अरण्य उभं कर."

तिने टाळी वाजवली, अरण्य उभं राहिलं. लोकांनी जयजयकार केला, आणि त्याच क्षणी राजकन्या मेघावलीची वाचा गेली.

राजा गोंधळला. चांगल्या कामाचं हे असलं फळ? कालिंदी म्हणाली, "महाराज, शाप लागला. माळढोक पाखराला माळ परत मिळेल, तेव्हा कन्येला वाचा फुटेल."

पुढे ती बोलेना. शाप सांगायचा पण उलगडायचा नाही, अशी जादूगारणींची रीत. मला तिचा राग येतो, पण करता काय!

दरबारात खल झाला. पाखराची माळ हरवली कधी? मोत्यांची होती की फुलांची? कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तसं कबूल करायला कुणी तयार नव्हतं. अखेर राजा स्वतःच निघाला.

आधी तो समुद्राच्या तळाशी उतरला आणि मगरीच्या दाढेतून मोत्यांची माळ काढून आणली. अरण्यात माळढोकाची मादी उंच मान करून उभी होती. तिने एक मोती चोचीत धरला, आणि दाणा नव्हे हे कळताच टाकून दिला. मेघावली मुकीच राहिली.

मग तो ढगांवर चढला आणि कधीच न कोमेजणाऱ्या फुलांची माळ घेऊन आला. ती त्याने मादीच्या गळ्यात घातली. मादी दचकून पळाली, माळ झुडपात अडकली, तिचा जीव जाता जाता वाचला.

"महाराज," ती धापा टाकत म्हणाली, "माझं काय चुकलं ते तरी सांगा!"

राजा ओशाळला. इकडे मेघावलीचे ओठ हलत, आवाज येत नसे. ते पाहून त्याला रडू फुटे.

शेवटी तो भुयारातल्या शापित खजिन्याकडे गेला. नाग म्हणाला, "रत्नमाळ ने, सावली ठेव." राजाने सावली काढून दिली.

मादीने रत्नांकडे पाहिलंही नाही. "हे दागिने कशाला?"

"तुझी माळ परत करायची आहे."

"माझी माळ?" आता तीही बुचकळ्यात पडली. "माझी कुठली माळ? माझा माळ!"

"तो माळ? हा? गवताचा?"

"तोच. माझ्या नावातच नाही का तो? मी उघड्या भुईवर अंडं घालते, तेही एकच. दूरवरचं दिसलं तर ते जपता येतं. आता प्रत्येक झाडाआड कोल्हा. माझा नर कुठेतरी पलीकडे असेल. तो दिसत नाही, त्याची साद पोहोचत नाही. आम्ही दोघंच उरलो आहोत."

राजा मटकन खाली बसला. आपण ज्याला ओसाड म्हणत होतो तिथे कुणाचं तरी घर होतं, हे त्याला आत्ता कळलं.

कालिंदी म्हणाली, "ज्याच्या शब्दाने अरण्य आलं, त्याच्याच शब्दाने जाईल. पण चारचौघांत सांगावं लागेल."

राजाने सगळ्या प्रजेदेखत झाडांना नदीकाठी जायला सांगितलं. राजाला वेड लागलं, असं लोक म्हणाले. त्याला स्वतःलाही क्षणभर तसंच वाटलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. निऱ्या सावराव्यात तशी मुळं सावरत झाडं चालू लागली. "इथे पाण्यावाचून आमचेही हालच होते," जाता जाता एक वड म्हणाला. भुईतून गवत वर आलं. राजाची सावली मात्र परत मिळाली नाही. नाग घेतलेलं परत देत नाहीत.

माळाच्या पार पलीकडे नर उभा होता. त्याने गळा फुगवला आणि घुमला, "हूंऽऽम!"

"घुमला!" राजा आनंदाने ओरडला. "मेघावली, घुमला गं! अरे, वाजंत्री वाजवा, नौबत..."

"बाबा," मेघावली म्हणाली, "जरा गप्प बसा ना! तिला ऐकू दे."

राजाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हुंदका आला तोही गिळला. गवतातून मादी सावकाश नराच्या दिशेने चालत गेली.

आणि ते राज्य सुखाने नांदू लागलं, गवतासकट.