घोंगडीखालचं मडकं

"पण माणसं बोलत का नाहीत, बुवा? माझं तेवढंच विचारणं आहे."

जोगटेकडीवरच्या मठाचे सोपानबुवा आपल्या खोलीत घोंगडीवर बसले होते. समोर हर्षवर्धन उगले. खालच्या दूधसंघाचे मुख्य अधिकारी. पायातले बूट त्यांनी बाहेर काढले होते, पण मोजे तसेच होते.

बुवा म्हणाले, "काय बोलत नाहीत?"

उगल्यांनी सांगितलं. दूध थंड करायच्या यंत्रावर अमोनियाचा एक व्हॉल्व्ह अडकायचा. तिन्ही पाळ्यांना ते ठाऊक होतं. सकाळचा माणूस त्याला हातोडीनं हळूच ठोकायचा. दुपारचा फडकं गुंडाळून फिरवायचा. रात्रीचा तोंड बाजूला करून उभा राहायचा. मग एक दिवस तुळशीराम बदलीवर आला. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. गॅस तोंडावर आला... डोळे गेले.

"म्हणजे तिघं शिकले," बुवा म्हणाले.

"हो."

"संघ नाही शिकला."

उगल्यांना वाक्य आवडलं. फलकावर छान दिसेल, असं मनात येऊन गेलं.

उद्या सकाळी यंत्र पुन्हा सुरू होणार होतं. त्याआधी सगळ्या कामगारांची सभा. यंत्रावर आणखी काय काय अडकतंय, गळतंय, ते त्यांनी सांगितलं नाही तर पुढचा तुळशीराम कोण, एवढाच प्रश्न उरणार होता.

"मी काही कमी केलं नाही, बुवा. पुण्याहून तज्ज्ञ आणले. 'शिकणारी संस्था' असा फलक लावला. सूचनापेटी ठेवली."

"काय निघालं पेटीत?"

"एक पाल. आणि एक चिठ्ठी."

"चिठ्ठीत?"

"पेटी छान आहे."

बुवांनी मान हलवली. थट्टा केली की दाद दिली, ते उगल्यांना कळलं नाही.

तेवढ्यात घंटा वाजली. उगल्यांनी डोळे मिटून हात जोडले. सकाळपासून ते हेच करत होते. घंटा सारखी वाजत होती. खालच्या गावातही मठाचं नाव होतं ते यामुळेच. दिवसभर घंटा वाजते म्हणजे केवढी भक्ती. रानात काम करणारी माणसंसुद्धा आवाज आला की टेकडीकडे बघून हात जोडायची.

"आरती?" उगल्यांनी हळूच विचारलं.

"वरण खारट झालं असेल," बुवा म्हणाले आणि उठले.

मठातली सगळी माणसं हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जमली होती. चुलीपाशी गोदाक्का. स्वयंपाक त्यांच्याकडे असायचा. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर थेंब थेंब वरण दिलं. सगळ्यांनी गंभीरपणे चाटलं. उगल्यांनीही.

"मीठ दोनदा पडलंय," गोदाक्का म्हणाल्या.

"कोणी टाकलं?" उगल्यांनी विचारलं. सवयीनं, जरा वरच्या पट्टीत.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पाहुणा भलत्याच भाषेत बोलल्यासारखे.

"एकदा मी," गोदाक्का म्हणाल्या. "आणि एकदा बुवांनी. जाता जाता."

"हो. मीच," बुवा म्हणाले. "आधीच पडलेलं आहे हे कळावं कसं?"

थोडी चर्चा झाली. मीठ टाकलं की चमचा बरणीवर आडवा ठेवायचा, असं ठरलं. माणसं पांगली. वरणात पाणी वाढलं.

"म्हणजे ही घंटा..." उगले म्हणाले.

"चूक झाली की वाजते."

"आणि गावातले हात जोडतात ते?"

"जोडू देत की."

उगल्यांचे डोळे चमकले. "बुवा, मी प्रत्येक विभागात अशी घंटा बसवतो. पितळी."

बुवा चुलीतलं लाकूड मागे ओढत बसले.

पितळेचं वजन टिपून ठेवावं म्हणून उगले पिशवीतली वही आणायला एकटेच बुवांच्या खोलीकडे गेले. झपाट्यानं दार लोटलं. दारामागे मडकं होतं.

मडकं फुटलं.

उगल्यांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पाणी थोडंच होतं, सारवलेल्या जमिनीनं ते पिऊन टाकलं. उगल्यांनी खापऱ्या गोळा केल्या, घोंगडीखाली सरकवल्या आणि घोंगडी नीट केली. मग मांडी घालून शांत चेहऱ्यानं बसले.

बुवा आले. घोंगडीवर बसले.

कर्रकन आवाज झाला.

बुवा उठले नाहीत. खालीही पाहिलं नाही.

"हं," ते म्हणाले. "माणसं बोलत का नाहीत, असं विचारत होता तुम्ही."

"हो. म्हणजे... मोकळं वातावरण हवं, बुवा. तज्ज्ञांचंही तेच म्हणणं आहे. चूक लपवायची गरजच वाटू नये माणसाला."

"खरं आहे," बुवा म्हणाले आणि जरा सरकून बसले.

कर्र.

"एकानं सांगितलं की... सगळेच शिकतात."

"तेही खरं." कर्र. "साहेब, तहान लागली. मडक्यातलं पाणी देता जरा?"

उगले दाराकडे बघत राहिले.

"मडक्यात... पाणी नाहीये."

"असं," बुवा म्हणाले.

बुवांच्या धोतरावर मांडीपाशी लाल ठिपका उमटला. तो हळूहळू मोठा होत गेला. बुवा उगल्यांकडे बघत होते. रागानं नाही. जेवायची वाट बघावी तसे.

उगले उठले. अंगणात गेले. घंटेची दोरी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली.

घंटा वाजली.

माणसं जमली. बुवाही लंगडत आले.

"मडकं फुटलं माझ्याकडून," उगले म्हणाले. "खापऱ्या मी घोंगडीखाली लपवल्या. बुवा त्यांच्यावर बसले."

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही.

"मडकं होतं कुठं?" गोदाक्कांनी विचारलं.

"दारामागे."

"दार उघडलं की लागणारच की. उद्यापासून खिडकीखाली ठेवूया." आणि त्या बुवांच्या जखमेसाठी हळद आणायला वळल्या.

संपलं होतं. पण उगल्यांनी दोरी सोडली नव्हती.

"आणखी आहे," ते म्हणाले.

गोदाक्का थांबल्या.

"व्हॉल्व्हचं मला सांगितलं होतं. गंगाधर म्हणून फिटर आहे आमच्याकडे. भर सभेत उठून म्हणाला, साहेब, व्हॉल्व्ह अडकतोय. मी विचारलं, मग इतके दिवस कोण झोपा काढत होतं? सभा संपेपर्यंत त्याला तसाच उभा ठेवला..." त्यांनी दोरी मुठीत आवळली. "त्यानंतर सभेत कुणी उठलं नाही. तुळशीरामलाही कुणी सांगितलं नाही."

खाली रानात कुणीतरी टेकडीकडे बघून हात जोडले होते, ते अजून तसेच होते.

बुवांनी विचारलं, "तो व्हॉल्व्ह कुठं आहे, साहेब?"

"खाली. संघात."

"आणि ती माणसं?"

"तीही... खालीच."

बुवांनी उगल्यांच्या मुठीतून दोरी हळूच सोडवून घेतली.

"मग इथं का वाजवलीत?"