काटा सोबत जोडावा

मोठ्या अरण्याच्या कडेला एक वस्ती होती आणि तिला चारी बाजूंनी बोरीच्या फांद्यांचे कुंपण होते. कुंपण साळिंदरांनी घातले होते. तेव्हा ना कचेरी होती ना कारकून. कुठे विरळ झाले की ज्याला दिसेल तो नवी फांदी खोचून मोकळा होई. पुढे शहाणपण वाढले. कासव सरपंच झाले, कचेरी उभी राहिली आणि परवानगीशिवाय कुंपणाला हात लावणे गुन्हा ठरला.

भगदाड पडले ते नेमके साळूबाईच्या बिळासमोर. पलीकडे कोल्हा येऊन बसू लागला. साळूबाईची दोन पिल्ले अजून मऊ अंगाची होती. कोल्हा बिचकत होता तो फक्त तिच्या काट्यांना. ती कचेरीत गेली. कारकून घोरपडीने नियम सांगितला: अर्ज अर्जदाराच्याच काट्याने लिहावा, चाळीस प्रतींत, आणि प्रत्येक प्रतीला वेगळा काटा जोडावा. साळूबाईने निमूटपणे काटे उपटले.

अर्ज विचाराधीन असतानाच वस्तीचे नगर झाले. मिरवणूक निघाली, पाटी बदलली, कासवाच्या जागी मोर आला. घोरपड मात्र त्याच खुर्चीला चिकटून होती.

"वस्तीचा अर्ज नगराला चालत नाही, साळूबाई," ती म्हणाली. "नव्याने करा."

तिने नव्याने केला. मग नगर अरण्यात विलीन झाले, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक म्हणून बगळा आला. तो एका पायावर उभा राहून सगळ्यांचे ऐकून घेई. त्यापलीकडे त्याने काही केल्याचे कुणाला आठवत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा चाळीस प्रती. संताप येतो तो याचाच, की फांदी खोचायला एक दुपार पुरली असती. एकदा साळूबाईने स्वतःच ती खोचली, तर अनधिकृत म्हणून दुसऱ्याच दिवशी उपटली गेली आणि तिच्याकडून खुलासा मागवला गेला. खुलाशालाही काटे लागलेच.

अखेर मंजुरी आली. फक्त स्थळपाहणी उरली होती. भर दुपारी घोरपड दप्तर घेऊन बिळापाशी आली. तिथे एक बोडके जनावर दोन पिल्लांना पोटाशी धरून बसले होते.

"इथे साळिंदर राहते ना?" घोरपडीने विचारले.

"मीच ती. माझे काटे तुमच्या दप्तरात आहेत. लावून बघा."

घोरपडीने नियमावली चाळली. बिनकाट्यांचे साळिंदर तीत कुठेच नव्हते. मग दप्तरातला एक काटा काढून तिने शेरा लिहिला: 'अर्जदार जागेवर आढळली नाही. प्रकरण निकाली.'

भगदाडातून कोल्हा आत आला. त्याला वाट मिळावी म्हणून घोरपडीने आपले दप्तर जरा बाजूला घेतले.