सहावा दगड

फार जुनी गोष्ट आहे, राजेसुद्धा डोंगर पायी चढत तेव्हाची. बर्फाच्या मुलखात एका मुलीने एका लगोरीचे दगड मोजले. ते सहा भरले. तिने तर पाचच ठेवले होते.

एवढंच. एक दगड जास्त. पण ती घाबरली.

आता तो डोंगर कसा होता ते आधी सांगते, म्हणजे तिला एवढं घाबरायला काय झालं ते कळेल. पायऱ्यांवर घागरी मांडाव्यात तशी त्या डोंगरावर एकाखाली एक पाच तळी होती. वरचं तळं भरलं की त्याचं पाणी धबधबा होऊन खालच्या तळ्यात पडे. सगळ्यात वर खिंड, सगळ्यात खाली गाव. गावातल्या लोकांचं काम वाट दाखवण्याचं. खिंडीपलीकडच्या माणसांना तळ्यांच्या कडेकडेने खाली आणायचं आणि परत पोचवायचं.

दुपारनंतर तिथे धुकं उतरे आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होई. म्हणून वाटेवर जागोजागी दगडांच्या लगोऱ्या होत्या. त्यांच्या आधाराने चालायचं. रीत अशी की लगोरी दिसली की जाणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवायचा, कारण दर हिवाळ्यात बर्फ निम्मे दगड ढकलून देई. बर्फ वितळलं की वाटही थोडी इकडेतिकडे सरके. मग गावातले सगळ्यात जुने वाटाडे, आबा, प्रत्येक लगोरीपासून पुढची वाट स्वतः चालून बघत आणि तिच्या माथ्यावर एक पांढरा दगड ठेवत. पांढरा दगड दिसला की धुक्यातही बिनघोर पाऊल टाकावं, असं सगळे मानत.

गावात दोन बहिणी होत्या. थोरली नावाजलेली वाटाडी. धाकटी अजून शिकत होती, आणि भित्री होती. बर्फ तडकलं की दचके. बिळातल्या डोंगरी घुशीने शीळ घातली की दचके. "ताई, थांब," हे तिचं पालुपद.

"आज कशाला दचकलीस गं?" थोरली विचारी. "ढगाला की स्वतःच्या सावलीला?" आणि मागून येणारे सगळे हसत.

तर थोरली पाहुणे आणायला खिंडीपलीकडे गेली, त्या दिवशी धाकटी तिला निरोप देऊन परतत होती. तिसऱ्या तळ्याच्या तोंडाशी, जिथून पाणी खाली झेप घेतं, एक सपाट खडक आहे. येणारेजाणारे तिथे पाणी पितात. वाटेपासून तो वीस पावलं बाजूला, आणि त्याच्या पुढे काहीच नाही, नुसता कडा. धाकटी तिथे टेकली. करमेना, म्हणून तिने पाच दगड एकावर एक ठेवले. छान दिसले. ती घरी गेली.

मग कुणीतरी तिथे पाणी प्यायलं, लगोरी पाहिली, आणि रीतीप्रमाणे सहावा दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मोजले तेच हे सहा दगड. लगोरी मोडून टाकावी, असं तिच्या मनात लगेच आलं. पण लगोरी मोडायची तर चावडीवर उभं राहून का मोडली ते सगळ्यांसमोर सांगावं लागे. आणि येत्या पौर्णिमेला तिला वाटाडीची काठी मिळणार होती. खेळ म्हणून लगोरी रचणारीला कोण काठी देईल? उन्हात तर कडा लख्ख दिसतो, तिने स्वतःला समजावलं. उद्या सांगू.

उद्या नऊ दगड झाले. परवा सतरा.

कुणी वाईट नव्हतं, हेच तर भयंकर आहे. एक मेंढपाळीण तिच्यादेखत आपल्या लेकीला म्हणाली, "नीट बसव गं, डळमळायला नको. उद्या कुणाला तरी वाट दिसेल." धाकटीने ते ऐकलं, आपली पखाल भरली आणि मान खाली घालून चालू लागली.

आठव्या दिवशी सकाळी ती वर गेली तेव्हा लगोरी कमरेइतकी झाली होती. तिच्या माथ्यावर पांढरा दगड होता.

धाकटीने वरून खाली सगळे दगड पाहिले. ते एकटीने हलवायला दिवस गेला असता. माथ्यावरचा पांढरा काढून घ्यायला तिने हात उचलला, पण तो पुढेच होईना. आबांनी ठेवलेल्या दगडाला गावात आजवर कुणी हात लावला नव्हता. ती तशीच पळत सुटली, ती थेट गावात.

आबा अंगणात उन्हात पाय पसरून बसले होते.

"आबा, तिसऱ्या तळ्यावर पांढरा दगड तुम्ही ठेवलात?"

"मीच की. काल गेलो होतो."

"पुढची वाट चालून पाहिलीत?"

आबा गुडघे चोळत होते, ते थांबले. "गुडघे धरले होते, पोरी. म्हटलं, एवढी मोठी लगोरी, इतक्या लोकांनी काय उगाच दगड ठेवले असतील? तुझ्या ताईने नवी वाट पाडली असेल. कुणाला विचारायचं तर लाज वाटली. मीच सगळ्यात जुना, आणि मीच विचारू?"

"आबा, ती मी रचली. बसल्या बसल्या, खेळ म्हणून."

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी खिंडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझी ताई आज वऱ्हाड घेऊन उतरतेय. अकरा माणसं. नवरी आहे त्यात. खरी लगोरी यंदा बर्फाने अर्धी केलीय. तुझी ताई पांढऱ्या दगडाकडेच वळणार."

धाकटी उठली. धोपट वाटेने उशीर झाला असता, म्हणून ती मेंढरांच्या आडवाटेने चढली. पण घाबरलेल्या माणसाला सगळं आठवतं असं नाही. ती आडवाट तळ्याच्या तोंडाशी निघते खरी, पण पाण्याच्या अलीकडच्या काठाला. सकाळी तिथून दगडांवर उड्या मारत पलीकडे जाता येतं. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी फुगतं. ती पोचली तेव्हा ते दगड पाण्याखाली गेले होते, आणि धुकं उतरलं होतं.

पलीकडे लगोरी असणार. दिसत मात्र नव्हती.

"ताई, थांब," ती ओरडली.

धबधब्याच्या आवाजात ते विरून गेलं. वारा फिरला तेव्हा तिला पलीकडून काठ्यांची लोखंडी टोकं खडकावर वाजताना ऐकू आली. टक, टक. माणसं येत होती.

"ताई, थांब. थांब ना गं."

टक, टक. काठ्या थांबल्या नाहीत. आणि तेव्हा तिला कळलं. ही हाक तिने घुशीसाठी मारली होती. ढगासाठी मारली होती. ताईच्या कानाला या हाकेची सवय झाली होती. तिच्यात आता अर्थच उरला नव्हता.

एकच गोष्ट होती जी तिने कधीच ओरडून सांगितली नव्हती.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. "ती लगोरी खोटी आहे. ती मी रचली. पाच दगड मी ठेवले आणि आठ दिवस गप्प बसले. आबांनी वाट चालून पाहिलेली नाही. पुढे कडा आहे."

काठ्यांचा आवाज थांबला.

पाणी तेवढं कोसळत राहिलं. तिने कान दिला. बारा माणसं थांबली होती की कड्यापलीकडे गेली होती, हे त्या आवाजात कळायला काही मार्गच नव्हता.

मग थोरलीचा आवाज आला, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जवळून.

"ऐकलं गं. पांढरा दगड माझ्या हाताखाली आहे. तू बोलत राहा, तुझ्या आवाजाकडे पाठ करून आम्ही मागे फिरतो."

म्हणून सांगते: चूक लगोरीसारखीच, तिचे पहिले पाच दगड आपले असतात, पुढचे चांगली माणसं विश्वासाने ठेवतात, ती पाचांचीच असताना सांगून टाकावी.