निळ्या घराची भेग

फार जुन्या काळी खाडीच्या तोंडाशी एक शहर होतं. तिथल्या धक्क्यासमोर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांची एक लांब ओळ होती. दोन घरांमध्ये मिळून एकच भिंत, पण रंग मात्र प्रत्येकाचा वेगळा. एक घर हळदीसारखं पिवळं, एक पोपटी, एक डाळिंबी, एक गडद निळं. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना आधी ही घरं दिसत आणि खलाशी ओरडत, "आलं शहर!" लोक त्या घरांना रंगओळ म्हणत.

निळ्या घरात द्वारकाबाई आणि तिचा नवरा दामाजी राहत. दामाजीने सारा जन्म गलबतावर काढला होता. आता अर्धांगवायूमुळे तो खाटेला खिळला होता. शेजारच्या डाळिंबी घरात सुभानजी राहायचा. तो रंगओळीचा मुखिया. माणूस वाईट नव्हता. दामाजीला उचलून बसवायला तोच रोज सकाळी येई. पण रंगओळीच्या दिसण्याचा विषय निघाला की त्याला दुसरं काही सुचत नसे.

एका वर्षी गलबतांची जत्रा तोंडावर आली होती. घरांना नवे रंग लागत होते. तेव्हा द्वारकाबाईने सुभानजीला आत बोलावलं.

"भावोजी, ही भिंत बघा. रात्री माती गळते. कालपासून दारही नीट लागत नाही."

दोघांच्या घरांमधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. खाडीच्या ओलीने भिंत फुगली होती. सुभानजीने गवंड्याला आणलं. गवंड्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मुखिया, आजच टेकू लावा. समोरून लाकडं उभी करावी लागतील. मग ही भिंत उतरवून पुन्हा बांधायची."

"समोरून? जत्रेत?"

"जत्रा भिंतीला कुठे ठाऊक आहे?"

यंदा दूरदेशीचे पाहुणे येणार होते. राजा स्वतः त्यांना रंगओळ दाखवणार होता. संध्याकाळी त्याने शेजाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, "जत्रा होऊन जाऊ दे. इतकी वर्षं उभी राहिलेली भिंत आत्ताच पडणार आहे का?"

द्वारकाबाई म्हणाली, "मग तोवर मी यांना बहिणीकडे हलवते. यांना तर उठून पळताही येणार नाही."

"वहिनी, ऐन जत्रेत घराला कुलूप दिसलं तर लोक काय म्हणतील? खिडकीत दिवा तर हवा ना! थोडी कळ काढा. जत्रा संपली की मी स्वतः भिंत उतरवतो."

द्वारकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. दामाजी म्हणाला, "सुभानजी म्हणतो आहे ना, राहू या." म्हणून ती राहिली.

भेगेत चुना भरला गेला. वर निळा रंग चढला. पाहुणे आले, राजाबरोबर धक्क्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांत सुंदर ते निळं घर." सुभानजीचा ऊर भरून आला.

जत्रा संपली. पाहुणे मात्र आणखी काही दिवस राहणार होते, म्हणून टेकूचं काम पुन्हा पुढे गेलं. मग एका शांत दुपारी, ना वारा ना पाऊस, ती भिंत खाली आली. द्वारकाबाई विहिरीवर गेली होती. दामाजी खाटेवर होता.

लोकांनी हातांनी दगडमाती उपसली. दामाजीला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता.

सुभानजी द्वारकाबाईसमोर जाऊन उभा राहिला. तीच म्हणाली, "सकाळी तुम्हीच त्यांना उठवून बसवलंत. त्या भिंतीला टेकवून."

"वहिनी..."

"मला काही सांगू नका. मला सगळं ठाऊक आहे. सांगायचं तर यांना सांगा."

सगळी रंगओळ तिथे जमली होती. कुणीतरी म्हणत होतं, "घर फार जुनं होतं, दुसरं काय?" सुभानजी त्यांच्याकडे वळला.

"जुनं होतं म्हणून नाही पडलं. भिंत आम्हा दोघांची होती. माझ्या बाजूने ही भेग मला गेल्या वर्षीच दिसली होती. मी तिच्यासमोर कपाट सरकवलं."

मग पिवळ्या घरातली बाई हळूच म्हणाली, "आमच्या माजघरातही भेग आहे. आम्ही तिच्यावर चटई टांगली आहे." पोपटी घरातला म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे देवाची तसबीर." एकेक जण बोलू लागला. प्रत्येक घरात काही ना काही झाकलेलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच घर तेवढं कमकुवत आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळीला लाकडी टेकू लावले गेले. भिंती खरवडल्या, उतरवल्या, पुन्हा बांधल्या. त्या काळात येणारे खलाशी गोंधळून विचारत, "शहर कुठे गेलं?" राजाचा निरोप आला, लवकर रंग लावा. सुभानजीने उत्तर पाठवलं, "आधी भिंती."

शेवटी रंग लावायची वेळ आली तेव्हा सुभानजीने द्वारकाबाईला विचारलं, "वहिनी, तुमच्या घराला कोणता रंग देऊ?"

"निळाच द्या, यांच्या आवडीचा. पण दाराशेजारी वीतभर भिंत कोरी ठेवा. चुना नको, रंग नको. दगड दिसू दे."

"का?"

"उद्या भेग पडली तर शेजाऱ्याला दिसेल."

सुभानजीने मग प्रत्येक घराच्या दाराशेजारी तेवढी जागा कोरी ठेवली. गलबतावरून पाहणाऱ्याला ती कधी दिसली नाही. पण ओळीतली माणसं येता-जाता शेजारच्या दाराशी थांबत, त्या उघड्या दगडावर हात ठेवत, आणि मगच पुढे जात.

तात्पर्य: चांगलं दिसण्यासाठी लपवलेलं दुखणं वाढतच जातं. ते शेजाऱ्याला वेळेवर दाखवावं, आणि शेजाऱ्याने दाखवलं तर त्याच दिवशी टेकू द्यावा.