दहा हजार सातची जागा

त्या राज्यात सगळ्या संख्या एका रांगेतल्या घरांत राहत, आणि जी लहान संख्या मोठीला पुरता भाग देई, बाकी काही ठेवत नसे, ती तिची नातलग मानली जाई.

दहा हजार आठच्या घरी सतत माणसं असत. दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा. एक उठली की दुसरी येई. अलीकडच्या घरात दहा हजार सात राहत असे. तिच्याकडे कोणी येत नसे.

एके वर्षी मोजणीदाराने फर्मान काढलं: दहा हजारांच्या पुढच्या वस्तीत जिला नातलग नाही तिने रांग सोडावी. दोन, तीन, पाच यांनाही स्वतःचं कोणी नव्हतं, पण त्या घरोघरी पाहुण्या म्हणून जात. त्यांना कोणी विचारलं नाही.

दहा हजार सातची पाळी पहिली आली. तिच्या अंगणात मोजणीदाराने लहान संख्यांना बोलावलं. दोन आली, बाकी एक उरली. तीन आली, दोन उरले. सात बराच वेळ खपली, तरी चार उरलेच. शेवटी शंभर आली आणि सात ठेवून, नजर चुकवून निघून गेली.

"पुढच्यांना बोलवा," दहा हजार सात म्हणाली.

"शंभराच्या पुढची कोणी तुझी असती, तर तिची जोडीदार शंभराच्या आत असती. ती आत्ता येऊन गेली असती."

"एक आहे ना माझी."

"एक सगळ्यांचीच असते," मोजणीदार म्हणाला. "तिची साक्ष धरत नाहीत."

त्या संध्याकाळी दहा हजार आठ कुंपणापाशी आली. "ताई, अंगातली एक टाकून दे. मग दोन तुझी होईल. निदान रांगेत तरी राहशील."

"त्या जागी दहा हजार सहा राहते," ती म्हणाली. "मी तिच्या घरात तिच्यासारखी होऊन राहू?"

आतून दहा हजार आठला कोणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

सकाळी दहा हजार सात निघाली. निरोपाला कोणी आलं नाही. तिच्या दाराला कुलूप लागलं.

मग शिरगणती झाली. मोजणीदार एकेका दारापुढे थांबत, नाव घेत, दहा हजार सहापर्यंत आला. पुढचं पाऊल त्याने टाकलं आणि कुलपासमोर दहा हजार सातचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा नाव घेतलं.

"मी इथे आहे," पलीकडच्या दारातून दहा हजार आठ म्हणाली. तिच्या मागे सगळे नातलग दाटीवाटीने उभे होते.

मोजणीदाराने तिच्याकडे पाहिलंही नाही. मोजलेल्या दाराला लागून असलेलं दारच पुढे मोजायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने शिपायांकडून बंद घरापुढे हद्दीचा दगड पुरून घेतला आणि तो मागे फिरला. दगडापलीकडे, नजर पोचेल तिथवर आणि त्याहीपुढे, प्रत्येक दारात कोणीतरी आपलं नाव घेतलं जाण्याची वाट पाहत उभं होतं.