तोऱ्यातला फ्लॅश

रिळाचे कॅमेरे नुकतेच माळ्यावर गेले होते, त्या काळची गोष्ट. गोरज मुहूर्ताच्या एका लग्नात स्टँडवरचा फ्लॅश भलताच तोऱ्यात होता. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर बसलेल्या चिमुकल्या ट्रिगरने बिनतारी इशारा दिला की चमकायचं, एवढंच त्याचं काम.

"या काडेपेटीचा हुकूम मी का ऐकू? कुठेही उजेड चमकला की माझा मी चमकेन!"

मग नवरदेवाच्या मामांनी आपला कॅमेरा चमकवला, हाही चमकला. मावशींनी जिलब्यांचा फोटो काढला, हा पुन्हा चमकला. करवल्यांनी तर त्याला घामच फोडला.

शेवटी अंतरपाट सरला, गळ्यांत हार पडले, फोटोग्राफरने बटण दाबलं. फ्लॅश धापा टाकत होता. फोटो काळाकुट्ट.

"का रे, चमकला नाहीस?" ट्रिगरने विचारलं.

"जरा दम खातोय."

"खा, खा. मावशींच्या जिलब्या मात्र झकास आल्यात."